नक्षी विणलेली की भरलेली?

गोंदियातल्या जुन्या माणसांना जकात नाका आठवत असेल. माझे वडील आठवडी बाजारात कापड विकायचे. आमगाव, सालेकसा, गोरेगाव असा त्यांचा फेरा असे. सुट्टीत मीही गाठोड्यावर बसून सोबत जायचो. नाक्यावर गाडी थांबली की मुन्शी विचारायचा, "काय आहे?" वडील म्हणायचे, "कापड." मुन्शी लगेच दुसरा प्रश्न टाकायचा, "कोणतं कापड?" मग गाठ सुटायची, यादी उघडली जायची आणि दोघांची घासाघीस सुरू व्हायची. मला त्या वयात प्रश्न पडे, की कापड म्हटल्यावर आणखी विचारायचं ते काय? पुढं मी सीमाशुल्क खात्यात लागलो, म्हणजे आपण ज्याला कस्टम्स म्हणतो त्या खात्यात. माझी सगळी नोकरी मुन्शीच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेली. तोच प्रश्न आज तुमच्यापुढं उलगडून मांडायचा आहे.

निवृत्त झाल्यावर मी गोंदियाला परतलो. 2019 सालच्या डिसेंबरातली गोष्ट. लगनसराई तोंडावर होती. एका रात्री भाच्याचा फोन आला. बाजारात त्याचं कापडाचं छोटं दुकान आहे. त्यानं एका भागीदाराबरोबर पहिल्यांदाच चीनमधून थेट माल मागवला होता. भांडवलासाठी सूनबाईचे दागिने गहाण पडले होते. माल कंटेनर डेपोत आला होता आणि तिथंच अडकला होता. भाचा म्हणाला, "मामाजी, बिलावर पॉलिएस्टरचं कापड लिहिलं आहे. पेटीत कापडच निघालं. मग साहेब म्हणतात हे कापड नाही, भरतकाम आहे. भरतकाम काय हवेत केलं आहे का जी? कापडावरच आहे न!"

त्याचा राग मला समजला. त्याचं म्हणणं व्यवहाराच्या दृष्टीनं चूक नव्हतं. पण कस्टम्सच्या पुस्तकात कापड आणि भरतकाम ही दोन वेगळी घरं आहेत. कोणता माल कोणत्या घरात जातो यावर त्याचा कर ठरतो. डेपोचं भाडं आणि डेमरेज मात्र रोज चढत असतं आणि लग्नाचे मुहूर्त कोणासाठी थांबत नाहीत.

आधी हे पुस्तक कसं आहे ते पाहू. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. जगभर चालेल अशी क्रमांकांची एक पद्धत ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं तयार केली. ती 1988 च्या 1 जानेवारीपासून लागू झाली. भारतानं त्या पद्धतीची मांडणी त्याआधीच, 1986 साली, आपल्या सीमाशुल्क दरपत्रकासाठी स्वीकारली होती. आज दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश ही पद्धत वापरतात. तिच्यात 21 विभाग आणि 97 प्रकरणं आहेत. त्यातलं 77 वं प्रकरण पुढच्या काळासाठी रिकामं ठेवलेलं आहे. जिवंत जनावरांपासून सुरुवात होते आणि शेवट कलाकृती व जुन्या दुर्मीळ वस्तूंवर होतो. क्रमांकाचे पहिले दोन आकडे प्रकरण सांगतात, चार आकडे मिळून शीर्षक होतं, सहा आकड्यांचं उपशीर्षक होतं. हे सहा आकडे सगळ्या देशांत सारखे असतात. पुढचे दोन आपण आपल्या सोयीसाठी जोडले आहेत, म्हणून आपल्याकडचा क्रमांक आठ आकड्यांचा असतो.

कापडाचा संसार अकराव्या विभागात आहे. प्रकरण 50 रेशमाचं, 51 लोकरीचं, 52 सुताचं, 54 आणि 55 कृत्रिम धाग्यांचं. 60 वं प्रकरण होजिअरीच्या म्हणजे निटिंगच्या कापडाचं. 61 आणि 62 शिवलेल्या कपड्यांची. आणि मधे 58 वं एक खास प्रकरण आहे. मखमल, जाळीचं कापड, लेस, गोंडे, झालरी अशी सगळी हौसेमौजेची मंडळी तिथं राहतात. त्याच प्रकरणात 5810 हे शीर्षक आहे. 'तुकड्यात, पट्ट्यांत किंवा सुट्या नक्ष्यांच्या रूपात असलेलं भरतकाम' असा त्याचा अर्थ.

म्हणजे कोरं पॉलिएस्टर कापड 54 व्या प्रकरणात राहतं. त्यावर सुईनं नक्षी भरली की ते तिथून उठतं आणि 58 व्या प्रकरणात जाऊन बसतं. कापड तेच असतं, गाव बदलतं. लेक लग्न होऊन सासरी गेली की तिचं आडनाव बदलतं, तसंच हे समजा.

आता कोणी म्हणेल, एक रेशीम धागा इकडून तिकडे गेला तरी भरतकाम का? त्यासाठी प्रत्येक विभागाच्या आणि प्रकरणाच्या सुरुवातीला टिपा दिलेल्या आहेत. बरेच लोक थेट यादी पाहतात आणि टिपा वाचत नाहीत. खरा कायदा टिपांतच असतो. वर्गवारीचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यातला पहिलाच नियम सांगतो की प्रकरणांची नावं केवळ सोयीसाठी आहेत. निर्णय शीर्षकाच्या शब्दांवर आणि टिपांवर करायचा. 58 व्या प्रकरणाच्या टिपेत स्पष्ट लिहिलं आहे की दिसणाऱ्या कापडावर धातूच्या किंवा काचेच्या धाग्यानं केलेलं काम आणि टिकल्या, मणी किंवा नक्षीचे तुकडे शिवून लावलेलं काम हेही भरतकामच समजायचं.

या टिपेतला 'शिवून' हा शब्द लक्षात ठेवा. आजकाल बाजारात टिकल्या डिंकानं चिकटवलेलं कापडही मिळतं. दुरून पाहिलं तर दोन्ही सारखीच झगमगतात. पण चिकटवलेल्या टिकलीला ही टीप लागू होत नाही. मग परत मूळ कापडाकडं वळून त्याचं घर शोधावं लागतं. एका टाक्यानं क्रमांक बदलतो तो असा.

भाच्याचा नमुना मी दुसऱ्या दिवशी पाहिला. मालात दोन प्रकार होते. एक होती पॉलिएस्टरची जाळी, तिच्यावर धाग्याची वेल आणि टाक्यानं लावलेल्या टिकल्या. दुसरं होतं जाडसर चकचकीत कापड, त्यावर सोनेरी बुट्टे. अधिकाऱ्यांनी दोन्ही भरतकामात टाकले होते. एजंटनं दोन्ही साध्या कृत्रिम कापडात दाखवले होते. मी भाच्याला म्हटलं, "बापू, तू अर्धा चुकला आहेस आणि साहेब अर्धे चुकले आहेत." त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

मला हे ओळखता आलं कारण नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी नेमकी हीच चूक केली होती. बुट्ट्यांचं एक कापड समोर आलं, मी बेधडक 'भरतकाम' असा शेरा मारला. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि कापड उलटं करून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "सुलट बाजू व्यापाऱ्यासाठी असते. आपली बाजू उलटी." तेव्हापासून मी कोणतंही कापड आधी उलटं करतो. लग्नात आहेराची साडीसुद्धा. घरात यावरून माझी बरीच थट्टा होते.

उलट्या बाजूला काय दिसतं? भरतकामासाठी कापड आधी तयार असावं लागतं. त्यावर नंतर सुई चालते. सुई कापडाला भोक पाडून आरपार जाते, म्हणून मागं टाक्यांची चाल दिसते. यंत्रावर केलेलं असेल तर वरचा धागा आणि खालचा बॉबिनचा धागा एकमेकांत अडकलेले दिसतात. टाक्यांची दिशा हवी तशी वळते, आडवी, उभी, तिरकी, गोल. विणलेल्या नक्षीचं तसं नसतं. तिथं कापड आणि नक्षी एकाच वेळी मागावर जन्माला येतात. नक्षीचा जास्तीचा धागा बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्याच्या शेजारून सरळ रेषेत धावतो. एका बुट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत तो मागं मोकळा लोंबतो, किंवा नंतर कापलेला असतो. त्याला वळण घेता येत नाही, कारण मागाला आडवं आणि उभं एवढंच कळतं.

पैठणी आठवा. तिच्या पदरावरचा मोर भरलेला नसतो, विणलेला असतो. रंगीत बाणे एकमेकांत गुंतवत विणकर तो मोर मागावर उभा करतो. त्याचा धागा ओढला तर मोराबरोबर कापडही जातं, कारण मोर हेच कापड आहे. म्हणून पैठणी कितीही नक्षीदार असली तरी भरतकामाच्या घरात जात नाही, रेशमाच्या घरात राहते. आपल्या भागातली कोशाची करवतकाठी साडी तशीच. करवतीच्या दात्यांसारखा तिचा काठ तीन धोट्यांच्या विणकामानं अंगाशी गुंतवलेला असतो. तिथं सुईचा संबंधच येत नाही. पण त्याच कोशाच्या कापडाच्या तुकड्यावर एखाद्या बचतगटातल्या बाईनं फुलं भरली, तर ते कापड 50 व्या प्रकरणातून निघून 5810 मध्ये जाईल.

घर ठरल्यावर खोली ठरवायची असते. 5810 च्या आत चार भाग आहेत. पहिला, ज्याचं तळाचं कापड दिसत नाही असं भरतकाम. यात आधी एखाद्या कापडावर नक्षी भरतात आणि मग ते कापड रसायनानं विरघळवतात किंवा कापून काढतात. शिल्लक राहते ती नुसती नक्षी, लेससारखी. उरलेले तीन भाग तळाच्या कापडावरून ठरतात. सुती कापडावरचं, कृत्रिम धाग्याच्या कापडावरचं आणि इतर कापडावरचं. इथं अनेकांचा गोंधळ होतो. नक्षीचा धागा कोणता आहे हे पाहायचं नाही, तळ पाहायचा. सुती कापडावर पॉलिएस्टरच्या धाग्यानं कितीही दाट काम केलं तरी ते 'सुती' भागातच जातं. तळच दिसत नसेल तेव्हा मात्र भरलेल्या धाग्याचा विचार करायचा. आणि तळाच्या कापडात दोन प्रकारचे धागे मिसळलेले असतील, तर वजनानं जो जास्त तो मालक.

तयार वस्तूचा नियम पुन्हा वेगळा आहे. भरतकाम केलेला शिवलेला कुर्ता 5810 मध्ये जात नाही. तो कपडा झाला, म्हणून 61 किंवा 62 व्या प्रकरणात जातो. 5810 हे तुकड्यांसाठी, पट्ट्यांसाठी आणि सुट्या नक्ष्यांसाठी आहे.

आता पैशाकडं वळू, कारण इतका खटाटोप कशासाठी असं तुम्हाला वाटत असेल. आयातीवर आधी मूळ सीमाशुल्क लागतं. 2018 सालच्या 7 ऑगस्टला सरकारनं कापड क्षेत्रातल्या 328 वस्तूंवरचं शुल्क 10 टक्क्यांवरून 20 टक्के केलं. 2018 च्याच अर्थसंकल्पापासून या मूळ शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार येऊ लागला. आणि 1 जुलै 2017 पासून या सगळ्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे आयजीएसटी. बहुतेक कापडांवर जीएसटी 5 टक्के होता. 5810 मधल्या भरतकामावर मात्र तो सर्वसाधारणपणे 12 टक्के होता. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले आणि 12 टक्क्यांचा टप्पाच गेला, तेव्हा भरतकामही 5 टक्क्यांत आलं. पण भाच्याचा माल 2019 चा होता.

हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा माल 1,00,000 रुपयांचा आहे आणि मूळ शुल्क 20 टक्के. म्हणजे 20,000 रुपये. त्यावर अधिभार 2,000. बेरीज 1,22,000. यावर 5 टक्के आयजीएसटी म्हणजे 6,100 रुपये, आणि 12 टक्के म्हणजे 14,640. फरक 8,540 रुपयांचा, आणि तोही लाखामागे. मोठा व्यापारी म्हणेल की जीएसटी पुढं वजावटीत मिळतो. मिळतो, पण माल विकल्यावर. गहाणाच्या पैशावर धंदा करणाऱ्याला आज रोख कुठून आणायची हाच प्रश्न असतो.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. कापडाच्या बऱ्याच क्रमांकांपुढं नुसता टक्का लिहिलेला नसतो. 'इतके टक्के किंवा किलोमागे इतके रुपये, यातलं जे जास्त असेल ते' असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी किलोऐवजी चौरस मीटर असतो. ही 'किंवा'ची पद्धत मुद्दाम ठेवली आहे. बिलावर किंमत कमी दाखवून टक्केवारी चुकवता येते, पण तराजूला खोटं बोलायला लावता येत नाही. आपल्या देशानं 2000 आणि 2001 साली आयातीवरची संख्येची बंधनं उठवली. त्यानंतर स्वस्त कापडाच्या लोंढ्यापुढं ही 'किंवा'ची भिंतच कामाला आली. अगदी अलीकडे, 2025 च्या अर्थसंकल्पात, निटिंगच्या कापडाच्या नऊ क्रमांकांवर '20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, जे जास्त ते' असा दर लावला गेला. कारण तेच.

वरच्याच उदाहरणात समजा त्या लाखाच्या मालाचं वजन 150 किलो आहे आणि त्या क्रमांकापुढं 'किंवा किलोमागे 200 रुपये' असं आहे. 20 टक्क्यांनी 20,000 होतात, वजनानं 30,000. मग 30,000 भरायचे. म्हणून दोन क्रमांकांपुढचा टक्का सारखा दिसला तरी निश्चिंत होऊ नये. 'किंवा'च्या पुढची रक्कम वाचल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

भाच्याचा पुढचा प्रश्न सरळ होता. "मामाजी, तुमच्या ओळखीनं काही होईल का?" मी म्हटलं, "ओळखीनं क्रमांक बदलत नाही. उलट्या बाजूनं बदलतो." जाळीच्या कापडाबद्दल मी त्याला स्वच्छ सांगितलं की हे भरतकामच आहे, यावर भांडू नकोस, फरक भर. टाके आरपार होते, टिकल्या शिवलेल्या होत्या. तळ पॉलिएस्टरचा, म्हणून 5810 मधला कृत्रिम धाग्याचा भाग. बुट्ट्याचं कापड मात्र मागावर विणलेलं होतं. मागं सोनेरी धागे सरळ ओळीत धावत होते, सुईचं एकही भोक नव्हतं. ते 54 व्या प्रकरणातच राहायला हवं होतं. मी त्याला लेखी अर्ज द्यायला सांगितलं. नमुना तपासायला पाठवा आणि निकाल येईपर्यंत बंधपत्रावर तात्पुरती आकारणी करून माल सोडा, अशी विनंती त्यात होती. सीमाशुल्क कायद्याच्या 18 व्या कलमात तशी सोय आहे, पण पहिल्यांदा माल मागवणाऱ्याला ती माहीत नसते.

अडचण आणखी एक होती. खात्यानं चुकीच्या वर्णनाबद्दल दंड का लावू नये, असंही विचारलं होतं. इथं एक बारीक भेद आहे. वस्तूचं खरं वर्णन लिहून तिचा क्रमांक चुकीचा लावणं वेगळं आणि वर्णनच खोटं किंवा अपुरं लिहिणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं 1998 साली नॉर्दर्न प्लास्टिकच्या खटल्यात सांगितलं आहे की प्रामाणिक समजुतीनं एखाद्या वर्गवारीचा दावा केला तर ती खोटी घोषणा होत नाही. भाच्याच्या कागदावर 'भरतकाम केलेली पॉलिएस्टर जाळी' असं लिहिलेलं असतं आणि क्रमांक तेवढा चुकला असता, तर तो या आधारावर ठामपणे उभा राहिला असता. पण चिनी व्यापाऱ्यानं नुसतं 'पॉलिएस्टर कापड' लिहिलं, एजंटनं तेच उतरवलं आणि भाच्यानं न वाचता सही केली. 2011 पासून आपल्याकडं स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे. माल कोणत्या क्रमांकाचा आणि कर किती, हे आयात करणाऱ्यानं स्वतः जाहीर करायचं. एजंटची चूक असली तरी सही मालकाची असते.

शेवटी काय झालं? जाळीवर फरकाची रक्कम भरावी लागली आणि अपुऱ्या वर्णनाबद्दल थोडा दंडही. बुट्ट्याच्या कापडाचा अहवाल काही आठवड्यांनी आला. 'विणलेली नक्षी' असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्या मालाचा वाद तिथंच मिटला. माल मधल्या काळात सुटला होता, पण पहिले मुहूर्त हातचे गेले होते. दागिने सोडवायला त्याला वर्षाहून जास्त काळ लागला, कारण पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. सूनबाईनं मला एकदा विचारलं, "मामाजी, एक शब्द लिहिला असता तर हे टळलं असतं का?" मला हो म्हणावं लागलं. 'भरतकाम' हा एकच शब्द.

शब्दांवरून एक जुना खटला आठवतो. तो आपल्या विदर्भातलाच आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या 1947 च्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला करमाफी होती. विड्याच्या पानांचा उल्लेख आधी वेगळा होता, तो 1948 मध्ये काढला गेला. अकोल्याच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं असं, की पान ही वनस्पती आहे, म्हणून ती भाजीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1961 साली न्यायालयानं निकाल दिला की शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून घ्यायचा नाही, बाजारात आणि घरात लोक जो घेतात तो घ्यायचा. विड्याची पानं आणायला सांगितल्यावर कोणी भाजीची पिशवी घेऊन निघत नाही. आजही देशभरातल्या कर-खटल्यांत अकोल्याच्या पानाचा हा दाखला दिला जातो. मात्र त्याला एक मर्यादा आहे. कायद्यानं किंवा टिपेनं शब्दाची व्याख्या दिली असेल तर बाजारातला अर्थ बाजूला राहतो. भाच्याच्या बाजारात ते 'फॅन्सी कापड' होतं, पण टिपेनं भरतकाम कशाला म्हणायचं ते सांगितलेलं होतं.

आपला जिल्हा भाताचा. तुम्हाला वाटेल हे कापडवाल्यांचं दुखणं आहे. तसं नाही. त्याच पुस्तकात दहाव्या प्रकरणात 1006 हे तांदळाचं शीर्षक आहे. त्यात धान वेगळं, फक्त तूस काढलेला तांदूळ वेगळा, सडलेला तांदूळ वेगळा आणि कणी वेगळी. सप्टेंबर 2022 मध्ये सरकारनं कणीची निर्यात बंद केली. 20 जुलै 2023 ला बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. आपण ज्याला उसना म्हणतो तो तांदूळ त्या बंदीतून सुटला, पण 25 ऑगस्टला त्यावर 20 टक्के निर्यातशुल्क बसलं. पुढं सप्टेंबर 2024 मध्ये पांढऱ्या तांदळावरची आणि मार्च 2025 मध्ये कणीवरची बंदी उठली. मधल्या काळात अरवा आणि उसना, अख्खा आणि तुकडा हे भेद गिरणीवाल्याच्या दृष्टीनं चवीचे राहिले नव्हते. माल जहाजावर चढणार की गोदामात पडून राहणार, हे त्या क्रमांकावर ठरत होतं.

आणि कोसा. आपल्या भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवणारी ढिवर कुटुंबं आहेत. पाखरं अळ्या खाऊ नयेत म्हणून ती रानात दिवसदिवस राखण करतात. त्या कोशापासून भंडाऱ्याकडच्या आंधळगावसारख्या गावांत कापड विणलं जातं. परदेशी नक्षीचं कापड खोट्या क्रमांकानं, कमी करात आत आलं, तर त्याची खरी स्पर्धा या मागांशी होते. शुल्काची भिंत किती उंच असावी याबद्दल मतभेद असू शकतात आणि असावेत. मात्र जी आहे तिला चुकीच्या क्रमांकाचं भगदाड पडू नये, एवढं तर सर्वांना मान्य व्हावं.

परदेशातून काही मागवणार असाल तर चार गोष्टी करा. माल मागवण्याआधी नमुना हातात घ्या आणि उलटा करून पाहा. बिलावर पूर्ण वर्णन लिहून घ्या: तळाचं कापड कोणतं, विणलेलं की निटिंगचं, नक्षी विणलेली, छापलेली की भरलेली, टिकल्या शिवलेल्या की चिकटवलेल्या. एजंटनं तयार केलेली बिल ऑफ एंट्री वाचल्याशिवाय सही करू नका. आणि शंका मोठी असेल, तर आधीच निर्णय मागा. सीमाशुल्काचं अग्रिम निर्णय प्राधिकरण 2021 पासून दिल्ली आणि मुंबईत काम करतं. अर्जाची फी 10,000 रुपये आहे, तीन महिन्यांत निर्णय देण्याची तरतूद आहे आणि तो निर्णय अर्जदारावर व खात्यावर दोघांवरही बंधनकारक असतो. एकदोन गाठींसाठी ही फी जड वाटेल, पण वर्षभर एकच माल मागवणार असाल तर ती स्वस्त पडते. आणि माल आल्यावर खात्याचा आदेश पटला नाही, तर 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडं जाता येतं. ती मुदत उलटू देऊ नका.

भाचा आता पुन्हा माल मागवतो. परवा दुकानात गेलो तर एका पोराला गाठी उघडायला लावून तो गल्ल्यावर बसला होता. पोरगा म्हणाला, "कापड आहे जी." भाच्यानं मान वर न करता विचारलं, "कोणतं कापड?" आणि हात पुढं करून तुकडा घेतला, उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. मला माझे वडील आठवले, तो नाका आठवला आणि दुसरा प्रश्न विचारणारा तो मुन्शीही आठवला. इतकी वर्षं मी त्याला उगाच त्रास देणारा माणूस समजत होतो.